एकलकोंडेपणा हा हुशारीचा स्वभाव नव्हे

दहावीला पंचाण्णव टक्के मिळवलेला मुलगा घरी आलेल्या पाहुण्यांसमोर पाच मिनिटे बसून आत निघून गेला, की आई-वडील जरा कौतुकानेच सांगतात, 'तो अभ्यासू आहे, कोणात फारसा मिसळत नाही.' पाहुणेही मान डोलावतात. हुशार मूल, त्यातही गणित-विज्ञानातले हुशार मूल, अबोल आणि घुमे असणारच, हे आपण इतके गृहीत धरले आहे की त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. पुढे तेच मूल पवईच्या आयआयटीत, पाषाणच्या आयसरमध्ये किंवा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जाते. तिथे सहा-सहा महिने कोणाशी धड बोलत नाही, मेसमध्ये एकटे जेवते, सुटीच्या दिवशी खोलीचे दार लावून बसते. तरी कोणाला काही खटकत नाही, कारण 'त्याचा स्वभावच तसा' हे उत्तर आधीपासून तयार असते. हे उत्तर बहुतांशी चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. या मुलांच्या एकटेपणात स्वभावाचा वाटा आहे, पण तो लहान आहे. मोठा वाटा आपण त्यांना ज्या मार्गाने तिथवर नेले त्या मार्गाचा, आणि तिथे पोहोचल्यावर संस्थेने त्यांच्यापुढे मांडलेल्या व्यवस्थेचा आहे. या एकटेपणाने मन तर खचतेच, पण ज्या विज्ञानासाठी एवढा खटाटोप केला तेही कच्चे राहते.

स्वभावाचा वाटा आहे, हे आधी नीट मान्य करू. अ‍ॅन रो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५०च्या आगेमागे तिथल्या ६४ नामवंत शास्त्रज्ञांच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या, त्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या केल्या. त्यांतल्या भौतिकशास्त्रज्ञांच्या आणि जीवशास्त्रज्ञांच्या बालपणात एकटे राहणे, वाचत बसणे, समवयस्कांत उशिरा मिसळणे वारंवार दिसले. मानसशास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ मात्र लहानपणापासून माणसांत रमणारे निघाले. पुढे २००१ साली केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटाने स्वमग्नतेशी जोडलेली लक्षणे मोजणारी ५० प्रश्नांची चाचणी तयार करून ती केंब्रिजच्या ८४० विद्यार्थ्यांना दिली. विज्ञान-गणिताच्या विद्यार्थ्यांचे गुण इतर शाखांच्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त आले, आणि ब्रिटनच्या गणित ऑलिंपियाडमध्ये चमकलेल्या मुलांचे त्याहूनही जास्त. हा निष्कर्ष जगभर गाजला आणि विज्ञानातला माणूस म्हणजे माणूसघाणा या समजुतीला जणू शास्त्राचा शिक्का मिळाला. पण आकडे जरा जवळून पाहावेत. विज्ञान आणि मानव्यविद्या या शाखांतला सरासरी फरक ५०पैकी दोनेक गुणांचा होता. स्वमग्नतेचे निदान झालेल्या गटाची सरासरी ३५च्या वर होती आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांची विशीच्याही आत. शिवाय चाचणीतले कितीतरी प्रश्न बारकावे टिपण्याच्या सवयीचे आणि आकड्यांच्या आवडीचे आहेत. गाड्यांच्या नंबरप्लेटकडे लक्ष जाते का, या प्रश्नाला गणिताच्या विद्यार्थ्याने 'हो' म्हटले म्हणून त्याला मित्र नको आहेत, असे काही सिद्ध होत नाही. आणि रो यांच्या त्या ६४ जणांत एकही स्त्री नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेत वाढलेल्या थोड्या पुरुषांवरून आजच्या नांदेडच्या किंवा कणकवलीच्या मुलीचा स्वभाव ठरवायचा नसतो.

उलट बाजूचा पुरावाही तितकाच जुना आहे. लुइस टर्मन यांनी १९२१पासून कॅलिफोर्नियातल्या दीड हजारांहून अधिक अतिबुद्धिमान मुलांचा अभ्यास सुरू केला आणि तो पुढे अनेक दशके चालला. फार हुशार मूल अशक्त, विचित्र आणि एकटे असते, ही समजूत तेव्हा अमेरिकेतही घट्ट होती. टर्मन यांना मात्र ही मुले तब्येतीने, मित्रमंडळींत आणि पुढाकार घेण्यात इतरांच्या मागे दिसली नाहीत, थोडी पुढेच दिसली. या अभ्यासात एक मोठी खोट आहे आणि ती सांगायलाच हवी: मुलांची पहिली निवड बऱ्याच अंशी शिक्षकांच्या शिफारशीवर झाली, त्यामुळे शिक्षकांच्या नजरेत न भरणारी घुमी मुले सुरुवातीलाच गळाली असणार. त्याच काळात लीटा हॉलिंगवर्थ यांनी विलक्षण, म्हणजे १८०च्या पुढे बुद्ध्यांक असलेल्या मोजक्या मुलांचा अभ्यास केला आणि त्यांना मैत्री जुळवणे खरोखर जड जाते असे नोंदवले. त्याचे त्यांनी सांगितलेले कारण मला फार महत्त्वाचे वाटते. या मुलांना माणसे नकोशी नव्हती. त्यांच्या वयाच्या मुलांत त्यांच्या आवडीचे बोलणारे कोणी सापडत नव्हते. हे कारण खरे असेल, तर ज्या जागी देशभरातली अशीच मुले एकत्र येतात तिथे त्यांना मित्र भराभर मिळायला हवेत. गावच्या शाळेत ज्याच्या मूळ संख्यांच्या वेडाला कोणी दाद दिली नाही, त्याला आयसरच्या वसतिगृहात शेजारच्याच खोलीत तसला दुसरा वेडा भेटायला हवा. पुष्कळदा भेटतोही. पण जिथे भेटत नाही, जिथे एकटेपणा कमी होण्याऐवजी वाढतो, तिथे स्वभावाचे कारण पुरे पडत नाही. मग दुसरीकडे पाहावे लागते.

पहिल्यांदा पाहावे लागते ते अकरावी-बारावीच्या दोन वर्षांकडे. महाराष्ट्रात आता ही वर्षे कॉलेजात जातातच असे नाही. नाव एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर असते आणि मूल सकाळपासून रात्रीपर्यंत क्लासमध्ये असते. याला आपण 'इंटिग्रेटेड' म्हणतो. लातूर असो, पुणे असो, संभाजीनगर असो की थेट कोटा, रचना सगळीकडे सारखीच. दर आठवड्याला चाचणी, चाचणीनंतर यादी, यादीप्रमाणे बॅच बदलते. वरच्या बॅचला नावाजलेले शिक्षक, खालच्या बॅचला उरलेले. शेजारी बसणारा मुलगा पुढच्या महिन्यात त्याच बाकावर असेल याची खात्री नाही, आणि तो वर सरकला तर आपण खाली गेलो असा त्याचा अर्थ. २०२४ साली जेईई अ‍ॅडव्हान्स्ड दिलेल्यांची संख्या होती सुमारे १ लाख ८० हजार, आणि २३ आयआयटींतल्या जागा १७,७४०. हा हिशेब प्रत्येक मुलाला पाठ असतो. पंधरा ते सतरा हे वय भांडण्याचे, रुसण्याचे, पुन्हा जुळवून घेण्याचे, वेगळ्या घरांतल्या मुलांच्या घरी जाण्याचे, नाटकाच्या तालमीत नाहीतर मैदानात वेळ घालवण्याचे. मैत्री करणे हे सवयीने येते, आणि सवय लागण्याच्या नेमक्या वयात आपण ती तोडतो. लग्नाला नको, गणपतीला नको, आजोळी तर नकोच, असे दोन वर्षे सांगत राहायचे आणि अठराव्या वर्षी मुलाला चारचौघांत बोलता येत नाही म्हणून तो जन्मजात अंतर्मुख आहे असे म्हणायचे, हा त्या मुलावर अन्याय आहे.

संस्थेत पोहोचल्यावर दुसरा धक्का बसतो, आणि तो निव्वळ गणिताने अटळ आहे. शाळेत, तालुक्यात, जिल्ह्यात पहिली आलेली शंभर मुले एका वर्गात बसवली, की त्यांतली पन्नास वर्गाच्या खालच्या अर्ध्या भागात जाणारच. हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात याचा अभ्यास मांडला तो लहान तळ्यातल्या मोठ्या माशाची उपमा देऊन: माणूस स्वतःची किंमत भोवतालच्यांशी तुलना करून ठरवतो, त्यामुळे तळे मोठे झाले की त्याच माशाला आपण खुजे आहोत असे वाटू लागते. ज्याची सारी ओळखच 'पहिला नंबर' ही होती, त्याच्यासाठी हा नुसता गुणांचा प्रश्न राहत नाही. पहिल्या मिडसेमला ३०पैकी ९ मिळालेला मुलगा घरी फोनवर 'पेपर बरा गेला' म्हणतो, वर्गातल्या मुलांना टाळतो, विंगमधल्या गप्पांत अभ्यासाचा विषय निघाला की उठून जातो. आपणच तेवढे मागे आहोत असे त्याला वाटत असते, आणि तसेच वाटणारा आणखी एक जण दोन दारे सोडून दिवा मालवून पडलेला असतो, हे त्याला कळायला मार्ग नसतो.

त्यात आपल्याकडे रँकचा प्रश्न आहे. नव्या मुलाला नाव-गाव विचारून झाले की तिसरा प्रश्न 'रँक किती?' हा. वरून तो साधा दिसतो, पण उत्तरातून विचारणाऱ्याला समोरच्याचा प्रवर्ग कळतो, आणि पुष्कळदा तो कळावा म्हणूनच विचारलेला असतो. आयआयटी मुंबईला २०२३ साली भेदभावविरोधी सूचना काढून सहाध्यायांना जेईई किंवा गेटमधली रँक विचारणे अनुचित आहे असे लेखी सांगावे लागले. ज्या मुलाला या एका प्रश्नाची धास्ती आहे, तो नव्या ओळखी टाळणार. त्याला आपण काय, अबोल म्हणणार? भाषेचेही तेच. जेईई मेन २०२१पासून मराठीतूनही देता येते, पण अ‍ॅडव्हान्स्डची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असते आणि पुढची व्याख्याने इंग्रजीतून. मराठी माध्यमातून आलेली मुलगी भौतिकशास्त्र उत्तम जाणते, पण वर्गात शंका विचारण्याआधी वाक्य मनात तीनदा जुळवते, आणि तोवर प्राध्यापक पुढे गेलेले असतात. मेसच्या टेबलावर मुंबई-दिल्लीच्या मुलांचे इंग्रजी विनोद चालतात, ती हसून गप्प राहते. मुलींचे प्रमाण आयआयटींत एके काळी दहा टक्क्यांच्याही आत होते. २०१८पासून मुलींसाठी अधिसंख्य, म्हणजे जादा, जागा आल्या तेव्हा ते पाचव्या हिश्शाकडे गेले. साठ जणांच्या वर्गात चार-पाचच मुली असत, तेव्हा त्यांच्या 'लाजाळूपणा'चे निदान करणाऱ्यांनी वर्गाकडे एकदा पाहायला हवे होते.

एकट्याने शिकणे आणि बरोबरीने शिकणे यांत किती फरक पडतो, याचा मला सगळ्यांत पटलेला पुरावा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली परिसरातला आहे. १९७०च्या दशकात युरी ट्रीझमन तिथे संशोधक विद्यार्थी होते. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत, चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र चांगले गुण मिळवत. त्यांनी प्राध्यापकांना कारण विचारले. उत्तरे आली ती अशी: मुलांत जिद्द कमी, पाया कच्चा, घरी शिक्षणाचे वातावरण नाही, गरिबी. ट्रीझमन यांनी या उत्तरांवर न थांबता दोन्ही गटांतले वीस-वीस विद्यार्थी निवडले आणि ते दिवसभर काय करतात हे त्यांच्यामागे ग्रंथालयात, वसतिगृहांत फिरून पाहिले. चारही उत्तरे फोल ठरली. कृष्णवर्णीय मुले मेहनती होती, आपापल्या शाळांतली चमकदार मुले होती, घरच्यांनी त्यांना आशेने पाठवले होते. फरक होता तो अभ्यासाच्या रीतीत. चिनी वंशाची मुले आधी एकेकटी बसून गणिते सोडवत आणि मग संध्याकाळी एकत्र जमत. जेवता-जेवता एकमेकांची उत्तरे तपासत, तुझे कुठे चुकले ते दाखवत, जुने पेपर सोडवत. एखादे गणित कोणालाच सुटले नाही, तर ते मुळातच अवघड आहे हे कळून जीव भांड्यात पडे. कृष्णवर्णीय वीस जणांपैकी अठरा जण सहाध्यायांबरोबर कधीच अभ्यास करत नव्हते. त्यांचे मित्र होते, पण मैत्री एका बाजूला आणि अभ्यास दुसऱ्या बाजूला. गणित अडले की ते एकट्याच्या डोक्यात अडून राही, आणि आपल्यातच काही कमी आहे अशी त्यांची समजूत होई.

ट्रीझमन यांनी त्यापुढे जे केले ते आपल्या संस्थांनी मुद्दाम अभ्यासावे. कच्च्या मुलांसाठी जादा तास असे त्यांनी काही काढले नाही. तसल्या तासाला जाणे म्हणजे आपण कच्चे आहोत हे जगजाहीर करणे, आणि स्वाभिमानी मूल तिथे फिरकत नाही. त्यांनी आव्हान आवडणाऱ्यांसाठी म्हणून कार्यशाळा सुरू केली, नेहमीच्या अभ्यासक्रमापेक्षा अवघड गणिते दिली, आणि मुलांना लहान गटांत बसवून ती आपसांत सोडवायला लावली. शिक्षक मध्ये फार बोलत नसे. या कार्यशाळेतली मुले नुसती उत्तीर्ण झाली नाहीत, तर वर्गातल्या इतर अनेकांच्या पुढे गेली. पुढे टेक्सास विद्यापीठात आणि इतरत्रही हीच रीत उचलली गेली. कार्यशाळेला मुले आपणहून येत, त्यामुळे मुळातच उत्साही मुलांची निवड झाली असेल, अशी शंका यावर घेता येते आणि ती रास्त आहे. पण मुलांचे स्वभाव न बदलता, त्यांच्या घरच्या परिस्थितीला हात न लावता, केवळ बसण्याची रीत बदलून इतका फरक दिसला, ही गोष्ट त्या शंकेने पुसली जात नाही.

आता आक्षेप. सगळ्यांत जुना आक्षेप असा, की मोठे विज्ञान एकांतातच होते आणि मित्रमंडळींच्या घोळक्यात न्यूटन तयार होत नाही. एकांत लागतो, यात वाद नाही. चार तास सलग एका समीकरणापुढे बसता येत नसेल, तर गटचर्चेतून काही निघणार नाही. ट्रीझमन यांना दिसलेली यशस्वी मुलेही आधी एकटी बसत होती, हे मी मुद्दाम सांगितले. पण एकांत आणि एकटे पडणे यांत माणसाच्या मर्जीचे अंतर आहे. प्लेगच्या साथीत गावी परतलेल्या न्यूटनची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, मात्र १६८४ साली एडमंड हॅली त्याला भेटायला गेला नसता, त्याने ग्रहांच्या कक्षांबद्दल विचारले नसते, पुढे पाठपुरावा करून छपाईचा खर्चही उचलला नसता, तर 'प्रिन्सिपिया' १६८७ साली बाहेर आले नसते हे क्वचित सांगितले जाते. आइन्स्टाइनच्या १९०५च्या सापेक्षतेच्या निबंधात मिशेल बेसो या मित्राचे आभार आहेत. आणि एकांतातल्या गणितज्ञाचे आपल्या काळातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अँड्र्यू वाइल्स. फर्माच्या शेवटच्या प्रमेयावर त्यांनी सुमारे सात वर्षे जवळजवळ गुपचूप काम केले आणि १९९३ साली सिद्धता जाहीर केली. तपासणीत तिच्यात भोक सापडले. ते बुजले १९९४ साली, रिचर्ड टेलर या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याला सोबत घेतल्यावर. गणितासारख्या, एकट्याने करता येणाऱ्या शास्त्राची ही कथा, मग प्रयोगशाळांतल्या शास्त्रांचे काय सांगावे? गुरुत्वीय लहरी सापडल्याचे २०१६ साली जाहीर करणाऱ्या शोधनिबंधावर हजारावर नावे होती. तसलाच शोध घेणारी वेधशाळा आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला उभी राहणार आहे. तिथे काम करायला जी मुले लागतील, त्यांना आपली चूक दुसऱ्यासमोर मान्य करता आली पाहिजे आणि दुसऱ्याची चूक त्याला न दुखावता दाखवता आली पाहिजे. हे एकट्याने शिकता येत नाही.

ज्यांना हे कळले त्यांनी इमारती बांधतानाच त्याचा विचार केला. केंब्रिजची रेण्वीय जीवशास्त्राची प्रयोगशाळा १९६२ साली नव्या जागेत गेली तेव्हा तिचे प्रमुख मॅक्स पेरुट्झ यांनी सगळ्यांना एकत्र बसता येईल अशा कँटीनचा आग्रह धरला. त्यांच्या पत्नी गिझेला यांनी ते वीसेक वर्षे सांभाळले. नोबेलविजेता आणि नुकताच आलेला संशोधक एकाच टेबलावर चहा घेत. डझनभर नोबेल पारितोषिके मिळवणाऱ्या त्या प्रयोगशाळेचे यश कँटीनमुळे आहे असे कोणी म्हणणार नाही, पण पेरुट्झ यांना ते उपकरणांइतकेच आवश्यक वाटले होते.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. काही मुले खरोखर अंतर्मुख असतात. त्यांना गर्दीत ओढणे, 'बोल ना, बोल ना' म्हणून मागे लागणे हा छळ आहे. अगदी खरे. ग्रेगरी फाइस्ट यांनी १९९८ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सर्जनशील माणसांत अंतर्मुखता थोडी जास्त दिसली. तिच्याबरोबरच नव्या अनुभवांची ओढ, आत्मविश्वास आणि महत्त्वाकांक्षाही दिसली. अंतर्मुख माणसाला पन्नास ओळखी नको असतात, दोन मित्र हवे असतात. ते दोन मिळाले तर तो सुखी असतो, आणि बोलघेवड्या माणसाला पन्नास ओळखींतही एक मित्र नसेल तर तो एकटा असतो. म्हणून मी कोणाचा स्वभाव बदला असे म्हणत नाही. अंतर्मुख मुलाला आपणहून जाऊन ओळख करून घेणे जड जाते, तर संस्थेनेच अशी वेळ आणि जागा ठेवावी की त्याला पुढाकार न घेताही सोबत मिळेल. चार जणांच्या गटात बसून एकच गणित सोडवायचे असेल, तर बोलायला विषय शोधावा लागत नाही. अशी व्यवस्था नसण्याचा सर्वांत मोठा तोटा अंतर्मुख मुलांचाच होतो, कारण बोलकी मुले कुठेही आपले पाहून घेतात.

तिसरे म्हणणे संस्थांचे असते: आमच्याकडे महोत्सव आहेत, मंडळे आहेत, आणखी काय हवे? आयआयटी मुंबईचा 'मूड इंडिगो' १९७१पासून चालू आहे, 'टेकफेस्ट' १९९८पासून. ही मोठी कामे आहेत आणि त्यांतून घडलेली माणसे आहेत. तिथल्या 'पॅफ' या रंगमंचीय कलांच्या महोत्सवासाठी वसतिगृहांतली मुले आठवडेच्या आठवडे सेट ठोकत, रंग लावत, रात्री जागत एक प्रयोग उभा करतात, आणि त्यांतल्या मैत्र्या पुढे टिकतात. महाराष्ट्राला हे नवे नाही. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात श्रीराम लागू, जब्बार पटेल, मोहन आगाशे शिकले आणि तिथेच नाटकही करत राहिले. सतीश आळेकर जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले. १९६३पासूनच्या पुरुषोत्तम करंडकात अभियांत्रिकीची आणि विज्ञानाची मुले दरवर्षी उतरतात. हुशार विज्ञान-विद्यार्थ्याला माणसांत रस नसतो म्हणणाऱ्यांनी मराठी रंगभूमीच्या गेल्या साठ वर्षांकडे पाहावे. मात्र आज संस्थांतली मंडळेही स्पर्धेच्या कचाट्यात आली आहेत. कोणत्या समितीवर कोणते पद मिळाले हे नोकरीच्या अर्जात लिहायचे असते, त्यामुळे पहिल्या वर्षाचा मुलगा मंडळात शिरायला मुलाखत देतो आणि तिथेही नाकारला जातो. जो आधीच एकटा आहे, त्याला महोत्सव ऐकू येतो तो खोलीच्या खिडकीतून.

व्यवस्था बदलता येते, याची उदाहरणे आहेत. एमआयटीत पहिल्या सत्राचे आणि कॅलटेकमध्ये पहिल्या दोन सत्रांचे गुण कायमच्या नोंदीत जात नाहीत. उत्तीर्ण झालात एवढेच पुरते. हेतू हा, की नव्या मुलाने आधी श्वास घ्यावा, चुकावे, शेजाऱ्याला विचारावे. आपल्याकडे अनेक आयआयटींत पहिल्या वर्षाच्या गुणांवर शाखा बदलून मिळत असे. काही संस्थांनी पहिल्या वर्षाचा ताण पाहून ती सोय अलीकडे बंद केली, ते योग्य झाले. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तर अगदीच कमी खर्चाचा होता. एका नामांकित अमेरिकी महाविद्यालयातल्या नव्या विद्यार्थ्यांना, 'आपण इथले नाही असे सुरुवातीला आम्हालाही वाटायचे, मग ते ओसरले' अशी वरच्या वर्गातल्या मुलांची मनोगते वाचायला दिली आणि त्यावर त्यांना स्वतः लिहायला सांगितले. काम तासाभराचे. पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या गुणांमधली दरी जवळजवळ निम्मी झाली. तसले प्रयोग सगळीकडे सारखे यशस्वी होतीलच असे नाही. तरीही आपल्या संस्थांनी ते आपल्या मुलांच्या भाषांत करून पाहू नयेत, असे कोणतेही कारण मला दिसत नाही.

हे सगळे आत्ताच का, असे कोणी विचारेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. त्यांत सगळ्या शाखांची, सगळ्या वयांची मुले आहेत, आणि प्रत्येक मृत्यूमागची कारणे वेगळी असतात. त्या सगळ्यांना एकटेपणाच्या एका खात्यात टाकणे चूक ठरेल. पण सर्वोच्च न्यायालयाला मार्च २०२५मध्ये उच्च शिक्षणसंस्थांतल्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमावे लागले, इतकी ही बाब गंभीर आहे. समुपदेशक नेमणे गरजेचेच आहे. तरीही समुपदेशकाकडे मूल जाते ते बहुधा फार उशिरा. त्याआधी, मूल दोन दिवस मेसमध्ये दिसले नाही हे ज्याच्या लक्षात येईल असा कोणीतरी शेजारी हवा.

म्हणून संस्थांकडे माझी मागणी साधी आहे. पहिल्या सत्राचे गुण नोंदीतून काढा. पहिल्या वर्षाच्या गणिताचे आणि भौतिकशास्त्राचे ट्यूटोरियल चार-पाच जणांच्या गटांत घ्या, ते वेळापत्रकात ठेवा, आणि तिथे मराठी, हिंदी, तमिळ जी भाषा सोपी पडेल तीत बोलू द्या. नक्कल होईल ही भीती असेल, तर परीक्षा एकेकट्याची घ्या. अभ्यास एकट्याने करायला लावू नका. आणि पालकांना विनंती: येत्या जूनमध्ये अकरावीला प्रवेश घेताना मुलाचे नाव ज्या कॉलेजच्या पटावर असेल, त्याच कॉलेजच्या वर्गात त्याला दोन वर्षे बसू द्या. क्लास हवा तर संध्याकाळी लावा. जेईईला त्याचे चार गुण कमी पडतीलही. तरी त्याला मित्र असतील.